जांघेतला पू आणि पोटातला ग्राफ्ट: काढायचा, किती काढायचा आणि पुढे काय

तुमच्या प्रश्नातली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आप्पा 66 वर्षांचे, गाव निपाणीजवळ, आयुष्यभर बिडी आणि जोडीला साखर. 3 वर्षांपूर्वी पोटातली महाधमनी खालच्या टोकाला बंद झाली होती, चार पावलं चाललं की दोन्ही मांड्या भरून यायच्या. म्हणून महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत उलट्या ‘वाय’सारखा डॅक्रॉनचा ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम धाग्यांची विणलेली नळी, बसवला आणि पाय छान झाले. आता गेले काही महिने डाव्या जांघेत बारीक छिद्र आहे. गोळ्या चालू असल्या की सुकतं, संपल्या की वाहतं. सीटीत डाव्या फाट्याभोवती पाणी आणि हवेचा एक बुडबुडा दिसतो. एक सर्जन म्हणतात सगळा ग्राफ्ट काढा, दुसरे म्हणतात डावा फाटा पुरे, आणि घरातले म्हणतात आणखी महिनाभर गोळ्या घेऊन बघू. तुमचे प्रश्न तीन: गोळ्यांनी भागेल का, काढला तर पाय राहतील का, आणि आप्पा यातून वाचतील का.

गोळ्यांनी भागणार नाही. पाय बहुतेक राहतील, पण त्यासाठी रक्ताची नवी वाट आधी आखावी लागेल. आणि वाचण्याचं गणित सगळ्यात जास्त एका गोष्टीवर ठरतं: ऑपरेशन रक्तस्राव होण्याआधी ठरवून होतंय, की झाल्यावर धावतपळत.

आपल्या भागातला पेशंट बहुधा म्हणतो, “घाव एवढासाच हाय की डॉक्टर, दुखत बी न्हाई.” खरंच दुखत नाही. उशिरा उद्भवणारा ग्राफ्टचा जंतुसंसर्ग असाच थंड असतो. त्वचेवर राहणारे गरीब दिसणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस ग्राफ्टच्या धाग्यांवर चिकट थर धरून बसतात. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखं आहे ते: वरून कितीही पाणी ओता, बुड जागचं हलत नाही. अँटिबायोटिक रक्तातून येतं, आजूबाजूच्या मांसातले जंतू मारतं, छिद्र सुकतं. थरातले जंतू तसेच राहतात, कारण डॅक्रॉनला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. तापही नसतो, पांढऱ्या पेशी कधी नॉर्मल येतात, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) तेवढं वाढलेलं. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा स्यूडोमोनाससारखे जंतू मात्र थंड बसत नाहीत, ते धमनीची भिंतच खातात आणि जोड सुटतो. म्हणून जंतू कोणता हे कळणं अर्धी लढाई आहे.

एक सूचना आत्ताच पाळा. ड्रेसिंग करणाऱ्याला त्या छिद्रात सळई घालून खोली मोजू देऊ नका. खाली ग्राफ्टचा जोड असतो, त्यावरची खपली निघाली तर जागेवरच रक्ताची धार लागते. तशी धार कधी लागलीच तर टॉवेल गुंडाळत बसू नका. त्या जागी बोटांनी किंवा मुठीनं थेट, सलग दाबून धरा आणि तसेच गाडीत बसा.

आता निदान. 2016 मध्ये यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटानं निकष ठरवले, त्यांना ‘मॅजिक’ निकष म्हणतात. नाव गमतीचं असलं तरी काम नेटकं आहे. ऑपरेशननंतर 3 महिने उलटूनही ग्राफ्टभोवती पाणी, किंवा 7 आठवडे उलटूनही हवा दिसली, तर ते महत्त्वाचं लक्षण. ग्राफ्टशी जोडलेलं वाहतं छिद्र हेही महत्त्वाचं लक्षण. आप्पांकडे दोन्ही आहेत, त्यामुळे ‘संसर्ग आहे का’ हा वाद संपला. उरतो तो ‘कुठवर आहे’. त्यासाठी पेट-सीटी, म्हणजे दाह असलेली जागा उजळून दाखवणारा स्कॅन, उपयोगी पडतो. नव्या ग्राफ्टवर तो उगाचच पेटलेला दिसतो, पण 3 वर्षांनंतर वरचा भाग थंड आणि डावा फाटा तेवढा पेटलेला दिसला तर त्या चित्राला अर्थ आहे.

कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू उगवून ओळखण्याच्या, बाबतीत आपल्याकडे हमखास घोळ होतो. छिद्राच्या तोंडावरून कापसानं घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू उगवतात आणि त्यावर महिनाभर भलतंच औषध चालतं. हवा तो खोलवरचा पू, सोनोग्राफी किंवा सीटीत बघून सुईनं ओढलेला, आणि रक्ताची कल्चर. प्रकृती स्थिर असेल तर सर्जन गोळ्या काही दिवस थांबवूनही नमुने घेतात, पण तो निर्णय त्यांचा, तुमचा नव्हे. ऑपरेशनमध्ये निघालेल्या ग्राफ्टचे तुकडे साध्या निर्जंतुक डबीत प्रयोगशाळेत जायला हवेत. थिएटरात सवयीनं कुणी जंतू मारणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये टाकले की कल्चर तिथेच संपली. प्रयोगशाळेला आधी फोन करून सांगितलेलं बरं: प्लेट दोन दिवसांत फेकू नका, दोन आठवडे ठेवा, आणि क्षयरोगासाठीही तपासा. घरी शेळ्या-म्हशी असतील, कच्चं दूध पिण्यात असेल, जनावरं गाभण असताना टाकत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. ब्रुसेला हा जंतू ग्राफ्टवर क्वचित बसतो, पण बसतो. तो हळू उगवतो, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाही लागू शकतो म्हणून आधी कळवावं लागतं. असा प्रश्न पेशंटला क्वचितच कुणी विचारतं. आपल्या भागात तो विचारायलाच हवा.

तुमच्या दोन सर्जनांच्या मतभेदाकडे वळतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. संसर्ग जर खरंच एका फाट्यापुरता असेल तर तेवढाच काढणं मान्य आहे, आणि आप्पांसारख्या हृदय-फुप्फुस थकलेल्या माणसाला त्याचा मोठा फायदा होतो, कारण पोटातल्या महाधमनीला चिमटा लावावा लागत नाही. पण क्रम पाळावा लागतो: आधी स्वच्छ, मग घाण. जांघेला हात न लावता बरगडीखालून कुशीतून छेद घ्यायचा आणि फाट्याचा वरचा भाग बघायचा. निरोगी ग्राफ्ट आजूबाजूच्या मांसात असा रुतलेला असतो की कात्रीनं सोडवावा लागतो. संसर्ग झालेला ग्राफ्ट बोटानं सरकतो. त्याच्याभोवती करडं, बुळबुळीत पाणी असतं आणि हलकंच ओढलं की तो हातात येतो. हा फरक एकदा बघितलेला सर्जन पुन्हा विसरत नाही. वरचा भाग घट्ट रुतलेला, कोरडा निघाला, तर तिथे फाटा तोडून नवी वाट जोडायची, ती जखम शिवून झाकायची, आणि मगच जांघ उघडून घाण फाटा खालून ओढून काढायचा.

नवी वाट संसर्ग झालेल्या जांघेतून नेता येत नाही. त्यासाठी 1963 पासून माहीत असलेली एक युक्ती आहे: कमरेच्या हाडात ऑब्ट्युरेटर नावाचं भोक असतं, त्यातून ग्राफ्ट मांडीच्या आतल्या बाजूनं खाली नेऊन गुडघ्याच्या वरच्या धमनीला जोडायचा. जांघ पूर्ण वगळली जाते. मग उघड्या जांघेवर सार्टोरियस स्नायू वळवून पांघरायचा. पण वरचा भागही सरकता निघाला तर सगळा ग्राफ्ट काढण्यावाचून पर्याय नाही. म्हणून आप्पांची तयारी आणि संमती दोन्ही पूर्ण ऑपरेशनची असावी, आणि फाट्यापुरतं भागलं तर ते नशीब समजावं. स्कॅन मी पाहिलेले नाहीत, तरी कागदावरच्या वर्णनावरून माझा कल असा राहील.

पूर्ण काढायचा झाला तर प्रश्न येतो, रक्त पायांकडे न्यायचं कशातून. जुना, पाठ झालेला मार्ग म्हणजे काखेतल्या धमनीपासून कातडीखालून लांब ग्राफ्ट जांघांपर्यंत आणायचा आणि पोटातला ग्राफ्ट काढून महाधमनीचं टोक शिवून बंद करायचं. दोन टप्प्यांत करता येतं, थकलेल्या पेशंटला सोसतं. याचा काळा भाग म्हणजे ते शिवलेलं टोक. संसर्ग झालेल्या जागेत ते फुटू शकतं, आणि फुटलं की माणूस हाती लागत नाही. पेशंटांच्या जुन्या अभ्यासांत दहातल्या एका-दोघांचं असं व्हायचं. दोन थरांत शिवणं आणि वर ओमेंटमची, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याची, घडी पांघरणं यानं ते कमी झालं, संपलं नाही. काखेतून आणलेला लांब ग्राफ्टही 5 वर्षांत चारातल्या एकाचा किंवा त्याहून जास्त जणांचा बंद पडतो. आणि आप्पांची तर डावी जांघच घाण आहे, त्यामुळे या ग्राफ्टचं खालचं टोक टेकवायलाही जागा शोधावी लागेल. म्हणून त्यांच्यासाठी हा मार्ग माझ्या यादीत खाली आहे.

दुसरा मार्ग त्याच जागी नवा ग्राफ्ट बसवण्याचा. जिलेटिनचा मुलामा असलेला डॅक्रॉन रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकच्या द्रावात 15 ते 30 मिनिटं भिजवून बसवतात. मुलाम्याशी रिफॅम्पिसिन बांधलं जातं आणि हळूहळू सुटतं. पीटीएफई या दुसऱ्या कृत्रिम पदार्थाच्या ग्राफ्टला ते धरत नाही, म्हणून ग्राफ्ट मागवतानाच बघावं लागतं. थंड, गरीब जंतू असतील तर हे ऑपरेशन लवकर उरकतं आणि चांगलं टिकतं. एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) किंवा आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू असतील तर रिफॅम्पिसिनचा भरवसा नाही. मृतदेहातून घेऊन गोठवलेली धमनी, म्हणजे होमोग्राफ्ट, हा सुंदर पर्याय आहे, पण बँका मोजक्या. शिवाय वर्षांमागून ती ढिली पडून फुगू शकते. बैलाच्या हृदयावरचं आवरण, म्हणजे बोव्हाईन पेरिकार्डियम, टेबलावरच नळीसारखं शिवून वापरण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रुजली आहे. हृदयाची ऑपरेशनं होतात तिथे ते कपाटात असतंच, त्यामुळे तातडीच्या वेळी मोठा आधार. काही कुटुंबांना ते बैलाचं आहे हे आधी सांगावं लागतं. सांगायलाच हवं.

ज्याला वेळ आहे आणि ज्याचं शरीर मोठं ऑपरेशन सोसेल, त्याच्यासाठी मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे स्वतःच्याच मांडीतली खोल शीर. 1993 मध्ये डॅलसमधल्या क्लॅगेट यांच्या गटानं ही पद्धत मांडली. मांडीची फेमोरल शीर जाड, रुंद आणि जिवंत असते, जंतूंना टिकू देत नाही. पुन्हा संसर्गाचं प्रमाण शंभरात जेमतेम दोन ते पाच, पाय कापावा लागण्याचं प्रमाण तितकंच कमी, आणि 5 वर्षांनी दहातल्या आठ-नऊ नळ्या चालू. मग सगळीकडे हेच का करत नाहीत? कारण ऑपरेशन 7–8 तास चालतं, कधी जास्त, आणि शिरा सोडवायला वेगळी जोडी हवी. आधी डॉपलर सोनोग्राफीनं दोन्ही मांड्या तपासाव्या लागतात, कारण जुन्या गाठीनं अरुंद झालेली शीर चालत नाही. काढताना वरच्या बाजूला मांडीची दुसरी खोल शीर, म्हणजे प्रोफंडा, जिथे मिळते तो संगम जपावा लागतो. तो तोडला तर पायाचं रक्त परत जायला वाटच उरत नाही. झडपा उलट दिशेला येऊ नयेत म्हणून शीर फिरवून लावतात किंवा झडपा कापतात. दहातल्या एक-दोघांना पोटरीत दाब चढतो आणि स्नायूंचं आवरण लांब चिरून मोकळं करावं लागतं. ती उघडी पोटरी बघून नातेवाईक घाबरतात, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं. पायाला सूज महिनोन्‌महिने राहते, मोजे घालावे लागतात, पण बहुतेकांची ती ओसरते.

ज्यांच्या ग्राफ्टचा वरचा जोड आतड्याला घासून भोक पडतं त्यांची गोष्ट वेगळी आणि वाईट. महाधमनीच्या अगदी पुढून लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, आडवा जातो. तिथे भोक पडलं की आधी थोडं रक्त येतं आणि थांबतं: शी डांबरासारखी काळी, एखादी चक्कर. घरात म्हणतात, ‘पित्त झालंय’, किंवा लोहाच्या गोळीवर ढकलतात. काही तासांनी किंवा काही दिवसांनी खरा पूर येतो. त्यामुळे पोटात ग्राफ्ट असलेल्या माणसाची शी काळी झाली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हेच समजायचं. दुर्बीण ड्युओडेनमच्या शेवटच्या भागापर्यंत नेली नाही तर तपासणी नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त होतात. अशा वेळी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन, दोन्ही त्याच दिवशी हवेत. रक्त धो धो चालू असेल तर आतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीवर चढवलेली नळी, टाकून वेळ विकत घेता येतो. पण घाणीवर ठेवलेला तो तात्पुरता बांध आहे, खरं ऑपरेशन मागाहून करावंच लागतं.

ज्यांच्यात ग्राफ्ट मांडीतून तारेवरून सरकवून बसवलेला आहे, त्यांचा तो काढणंही निराळं. वरच्या टोकाला बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर हुक रुतलेले असतात. ओढले तर भिंत फाटते. म्हणून 20 मिलीच्या साध्या सिरिंजचं टोक कापून ती नळी त्या स्टेंटवर चढवतात. हुक आत मिटतात आणि सगळं अलगद बाहेर येतं. लाखांच्या उपकरणाला शेवटी स्वस्तातली सिरिंज आवरते.

आकडे विचारलेत, तर जगभरातल्या अभ्यासांचा सूर असा: ठरवून, पूर्ण ग्राफ्ट काढण्याच्या ऑपरेशनमध्ये पहिल्या महिन्यात साधारण दहात एक ते पाचात एक जण दगावतो. आतड्याला भोक पडलेलं असेल तर तिघांत एक, काही ठिकाणी निम्मे. 5 वर्षांनी जवळपास निम्मे हयात असतात, आणि जे गेले त्यांतले अनेक ग्राफ्टनं नव्हे तर हृदयानं किंवा फुप्फुसानं गेलेले असतात. काहीच न करता ग्राफ्ट आतच ठेवला तर परिस्थिती याहून खूपच वाईट. एका फाट्यापुरतं ऑपरेशन झालं तर महिन्याभरातला धोका कमी, पण उरलेल्या ग्राफ्टमधून जंतू पुन्हा डोकं वर काढण्याची टांगती तलवार राहते. ज्यांना मोठं ऑपरेशन अजिबात सोसणार नाही त्यांच्यात नळी टाकून पू काढतात आणि आयुष्यभर गोळ्या देतात. तो दाबून ठेवण्याचा उपाय आहे, बरं करण्याचा नाही, आणि हे घरच्यांना स्पष्ट सांगूनच सुरू करावं.

आप्पांचा धोका खाली आणता येईल अशा गोष्टी तुमच्या हातात आहेत. बिडी आजपासून बंद. खरं तर त्यांच्या धमन्यांची ही दशा बिडीनंच केली. साखर ताब्यात आणा. रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल तर टाका धरत नाही, म्हणून अंडी, दूध, डाळ, उसळ वाढवा. “अमावस्या टळू दे”, “यल्लम्माची जत्रा झाली की बघू” हे मी नेहमी ऐकतो. दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नसेल तर अमावस्या टाळा, पण जत्रेपर्यंत थांबू नका.

ऑपरेशननंतर निदान 4 ते 6 आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, पुढे 3 ते 6 महिने गोळ्या, आणि त्या कल्चरप्रमाणे. रिफॅम्पिसिन लिहिलं तर ते एकटं कधीच देत नाहीत. त्यानं लघवी नारिंगी होते, आणि ‘क्षयाची गोळी’ म्हणून गावात कुजबुज होते, तिकडे लक्ष देऊ नका. मात्र रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या काही गोळ्यांचा परिणाम त्यानं बदलतो, म्हणून चालू गोळ्यांची सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवा.

राहिला प्रश्न कुठे जायचं. निपाणीहून महामार्गानं कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. अंतर बघू नका, तीन गोष्टी विचारा: रक्तवाहिन्यांचा सर्जन पूर्णवेळ आहे का, मोठी रक्तपेढी आवारात आहे का, आणि महाधमनीची उघडी ऑपरेशनं तिथे नियमित होतात का. योजनेचं म्हणाल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्डावर मोठ्या उपचारासाठी आधी सरकारी रुग्णालयाचं संदर्भपत्र लागतं, तातडीची केस सोडून. ते तालुक्याच्या ठिकाणाहून याच आठवड्यात करून घ्या. महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करण्याचं ठरवलं, त्यावर वादही झाला. कोल्हापूरला जाणार असाल तर भरती व्हायच्या आधी तिथल्या योजनेच्या काउंटरवर आपल्या गावाचं नाव आणि कागद दाखवून खात्री करा.

आणि 3 वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची नोंद मिळवा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘बायपास झाला’ असतं, ते उपयोगाचं नाही. थिएटरमधली ऑपरेशन नोट हवी: महाधमनीला जोड टोकाला टोक केला की बाजूला, ग्राफ्ट किती मिलीमीटरचा, मूत्रनलिकेच्या पुढून गेला की मागून. ग्राफ्टच्या पाकिटाचं चिकट लेबल बहुधा त्याच फाईलमध्ये लावलेलं असतं, त्याचाही फोटो घ्या. सीटीची नुसती फिल्म देऊ नका, सीडी न्या.